मलावीची तूर कोण पेरते?

तूर सोंगून खळ्यावर आली, की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील गावांमध्ये मोझांबिक आणि मलावी या दोन देशांची नावे हमखास ऐकू येतात. भाव घसरला की बाजार समितीच्या आवारात कुणीतरी ‘आफ्रिकेची तूर आली’ असे म्हणते आणि त्या एका वाक्यात चोपन्न देशांचा तो सगळा खंड आपल्या भावावर उठलेला व्यापारी होऊन बसतो. या बोलण्याला आधार नाही असे नाही. भारताने २०१६ मध्ये मोझांबिकशी तूर आयातीचा करार केला, २०२१ मध्ये वर्षाला दोन लाख टन या प्रमाणात त्याची मुदत पुढे पाच वर्षांसाठी वाढवली आणि त्याच वर्षी मलावीकडून वर्षाला ५० हजार टन तूर घेण्याचे ठरवले. कोरडवाहू शेतकऱ्याने या आकड्यांची धास्ती घ्यावी हे स्वाभाविक आहे. परंतु ही तूर पेरणारे हात कुणाचे आहेत, हा प्रश्न मी आमच्या गावात कधी ऐकलेला नाही. बचत गटांचे हिशेब लिहिण्याच्या निमित्ताने शेतात राबणाऱ्या बायकांच्या संगतीत माझे बरेच आयुष्य गेले आहे, आणि म्हणूनच मला तो प्रश्न भावापेक्षा कमी महत्त्वाचा वाटत नाही.

त्यांतले निम्म्याच्या आसपास हात स्त्रियांचे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत शेतीतील श्रमशक्तीचा जवळपास निम्मा वाटा स्त्रियांचा आहे. मलावीच्या दक्षिण भागात, जिथे तूर सर्वाधिक पिकते, तिथे ती मक्याच्या शेतातच पेरली जाते. शेती लहान, बैल क्वचितच, आणि जमीन कुदळीने खणून केलेले वरंबे. मलावीतील लोमवे, याओ, चेवा या समाजांमध्ये जमीन परंपरेने आईकडून मुलीकडे जाते आणि लग्नानंतर नवरा बायकोच्या गावी राहायला येतो, हे वाचल्यावर मी बराच वेळ विचार करीत राहिले. तरीही तिथली स्त्री पूर्ण मुखत्यार आहे असे मानण्याचे कारण नाही, कारण जमिनीच्या वाटपात आणि वादात तिच्या मामाचा किंवा भावाचा शब्द मोठा असतो, आणि धान्य विकून आलेला पैसा कुणाच्या हाती राहतो हा प्रश्न तिथेही आपल्याइतकाच अवघड आहे. जमीन बाईच्या वंशातून येणे आणि त्या जमिनीत काय पेरायचे हे बाईने ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला या लेखात दुसऱ्या गोष्टीविषयी अधिक बोलायचे आहे.

त्यासाठी मलावीच्या उत्तर भागात असलेल्या एक्वेंदेनी या गावाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तिथल्या मिशन रुग्णालयात एस्थर लुपाफ्या या परिचारिका काम करीत होत्या. कुपोषित मुलांना घेऊन येणाऱ्या आयांशी त्या बोलू लागल्या, तेव्हा दुखण्याचे मूळ रुग्णालयाच्या बाहेर, शेतात असल्याचे त्यांना दिसले. खतावरचे सरकारी अनुदान गेले होते, खताच्या किमती गरीब कुटुंबांच्या आवाक्याबाहेर गेल्या होत्या, आणि वर्षानुवर्षे एकट्या मक्याने थकलेली जमीन खताशिवाय पीक देत नव्हती. लुपाफ्या आणि रेचेल बेझनर कर या कॅनडातील संशोधक यांनी मिळून २००० साली तिथे माती, अन्न आणि गावाचे आरोग्य यांचा एकत्र विचार करणारे काम सुरू केले. सुरुवात मोजक्या गावांतील शेतकऱ्यांच्या एका गटापासून झाली. कोणते कडधान्य कुठे चालेल, याचे प्रयोग त्या शेतकऱ्यांनीच आपल्या शेतात करायचे आणि निष्कर्षही त्यांनीच इतरांना सांगायचे, अशी त्याची रचना होती. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीचा कागद घेऊन कुणी गावात आले नाही, हा त्यातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग आहे.

त्यांनी निवडलेल्या जोड्यांपैकी तूर आणि भुईमूग ही जोडी विशेष चालली. भुईमूग जमिनीलगत पसरतो आणि लवकर निघतो, तूर सुरुवातीला सावकाश वाढते आणि भुईमूग निघाल्यावर फोफावते, त्यामुळे दोघांचे एकमेकांशी भांडण होत नाही. दोघांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, तुरीचा पाला गळून जमिनीवर पडतो, आणि पीक निघाल्यावर उरलेला पालापाचोळा जाळून टाकण्याऐवजी लगेच मातीत गाडला, तर पुढच्या हंगामात त्याच जागी मका विकतच्या खताशिवाय किंवा थोड्या खतावर चांगला येतो. हे शास्त्र आपल्याला नवे नाही. तुरीचे बेवड चांगले असते, हे विदर्भातील कोणताही म्हातारा शेतकरी सांगेल.

खरा नवा भाग यापुढे सुरू होतो. पीक घरात आले म्हणून मुलाच्या ताटात पडतेच असे नाही, हे एक्वेंदेनीच्या बायकांच्या लवकरच लक्षात आले. पोत्यात भरलेला भुईमूग नवरा विकून येई, आणि त्या पैशाचे पुढे काय झाले हे विचारण्याची सोय नसे. पालापाचोळा गाडण्याचे वाढीव काम बाईच्याच वाट्याला आले. तान्ह्या मुलाला काय भरवावे आणि कधीपासून, हे सून नव्हे तर सासू ठरवत असे. त्या लोकांनी हे प्रश्न घरगुती म्हणून बाजूला ठेवले नाहीत. सासवा आणि सुना, म्हातारे आणि तरुण यांना एकत्र बसवून शेती व आहार यांवर बोलणारे गट तयार झाले. गावोगावी स्वयंपाकाचे दिवस ठरवले गेले, ज्यांत पुरुषांनीही सर्वांसमोर सोयाबीनचे, तुरीचे, भुईमुगाचे पदार्थ रांधायचे असत. ब्वाब्वा या गावच्या अनिता चिताया या शेतकरी बाई त्या कामातून पुढे आल्या. घरोघर जाऊन पुरुषांना चुलीपाशी आणि पाणी भरण्याच्या कामाकडे वळवण्याचा त्यांचा चिवटपणा त्यांच्या देशाबाहेरही माहीत झाला, आणि पुढे अमेरिकेत जाऊन तिथल्या शेतकऱ्यांशी हवामानबदलावर बोलण्यापर्यंत त्यांची मजल गेली. ज्या गावांत हे काम नेटाने झाले, तिथल्या लहान मुलांच्या वजनात सुधारणा झाल्याचे पुढील अभ्यासांत नोंदले गेले. मातीचा कस, घरातली सत्ता आणि मुलाचे वजन ही साखळी इतक्या स्पष्टपणे जोडून दाखवणारे दुसरे उदाहरण निदान माझ्या वाचनात नाही.

आता आमच्याकडे पाहू. आमच्याकडे पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काही तासांनंतर (तास म्हणजे पेरणीची ओळ) तुरीचे एक तास असते, ते अजून टिकून आहे. परंतु पूर्वी त्याच शेतात बायका ओटीतल्या बियाण्यातून बरबटी (चवळी), मूग, अंबाडी, तीळ, भेंडी, वाळकं असे कितीतरी काही टाकीत असत. त्यासाठी वेगळा पैसा लागत नसे, वेगळी परवानगीही लागत नसे, कारण पुरुषांच्या हिशेबात त्या पिकाची गणतीच नव्हती. श्रावणात घरात पालेभाजी यायची ती तिथूनच, दिवाळीनंतर अंबाडीच्या भाकरीला आणि शरबताला लागणारी बोंडे यायची ती तिथूनच, आणि निंदणाला आलेली मजूर बाई संध्याकाळी पदरात घेऊन जायची ती भाजीही तिथलीच. शेताच्या त्या भागात काय पेरायचे हे बाई ठरवीत होती.

हे सगळे एकाएकी गेले नाही. सोयाबीन वाढले तसतशी ज्वारी, मूग आणि उडीद मागे पडले. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांच्या त्रासाने उरलीसुरली ज्वारीही लोकांनी सोडली. त्यानंतर तणनाशक आले. तणनाशकाला दाद न देणारे, ज्याला सरकारची मान्यता नाही असे आणि गावात ज्याला ‘चोर बीटी’ म्हणतात ते कपाशीचे बियाणे शेतात पेरले, की मधल्या तासांतली बरबटी आणि अंबाडी एका फवारणीत तणासोबत जळून जाते. तिथे कडधान्याच्या मिश्र पिकाला जागाच उरत नाही. मी तणनाशकाकडे वळलेल्या शेतकऱ्याला दोष देऊ इच्छित नाही, कारण निंदणाची मजुरी त्याला परवडत नाही हे खरे आहे, आणि दिवसभर ओणव्याने निंदणाऱ्या बाईच्या कमरेचे दुखणेही खरे आहे. परंतु २०१७ च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आम्ही विसरू शकत नाही. पाठीवर पंप घेणारा पुरुष असतो, पण त्याला बादलीने पाणी आणून देणारी आणि त्याचे कपडे धुणारी बाईच असते.

तणाचाच विषय निघाला आहे, तर ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुल्याचे उदाहरण द्यायला हवे. ज्वारी पेरणाऱ्या आपल्या जुन्या पिढीला हे जांभळ्या-पांढऱ्या फुलांचे परोपजीवी तण चांगले ठाऊक आहे. आफ्रिकेत त्याच कुळातले तण मका आणि ज्वारीचे उभे पीक फस्त करते. केनियात नैरोबीस्थित कीटकशास्त्र संस्थेत काम करणारे, मूळचे भारतीय असलेले झियाउर खान यांनी व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या भागात १९९० च्या दशकात त्यावर एक पद्धत उभी केली. मक्याच्या तासांमध्ये डेस्मोडियम हे शेंगवर्गीय चाऱ्याचे पीक लावायचे आणि शेताच्या कडेने नेपिअर गवत लावायचे. डेस्मोडियमच्या वासाने खोडकिड्याचा पतंग शेतापासून दूर जातो, नेपिअरकडे ओढला जातो आणि तिथे त्याच्या अळ्या फारशा जगत नाहीत. डेस्मोडियमची मुळे जे द्रव्य मातीत सोडतात, त्याने तणाचे बी रुजते खरे, पण त्याला मक्याच्या मुळाला चिकटता येत नाही. वर जमिनीला नत्र मिळतो आणि जनावरांना बारमाही चारा. पश्चिम केनियातील पुष्कळ लहान शेतकरी स्त्रियांनी ही पद्धत स्वीकारली, आणि त्यामागचे कारण मला फार शहाणपणाचे वाटते. किडीचे औषध विकत घेण्यासाठी त्यांच्या हातात रोख पैसा नव्हता, आणि चारा आणण्याची रोजची पायपीट त्यांचीच होती. बाईच्या कामाचे ओझे कमी करणारे शास्त्र बाई आपणहून उचलते, त्यासाठी जनजागृतीच्या गाड्या फिरवाव्या लागत नाहीत.

वंगारी मथाई यांच्याविषयी मराठीत थोडेफार लिहिले गेले आहे, पण बहुधा झाडे लावणारी बाई एवढ्यावरच ते थांबते. त्यांचा जन्म १९४० चा, केनियाच्या मध्यभागातील न्येरी परिसरातल्या इहिथे गावचा. नैरोबी विद्यापीठातून १९७१ मध्ये त्यांनी पशुवैद्यकातील शरीररचनाशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, आणि पूर्व व मध्य आफ्रिकेत ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. गुरांच्या गोचिडांवर संशोधन करण्यासाठी खेड्यांतून हिंडताना त्यांना गढूळ झालेल्या नद्या आणि बरगड्या निघालेली गुरे दिसली. नंतर राष्ट्रीय महिला परिषदेत खेड्यांतल्या बायका आपल्या अडचणी सांगू लागल्या. सरपण मिळत नाही, पिण्याचे पाणी स्वच्छ नाही, जनावरांना चारा नाही, घरात पोषक अन्न नाही. चहा आणि कॉफी या पैशाच्या पिकांनी घरच्या अन्नाची जमीन व्यापली होती, आणि सरपणच नसल्यामुळे बायका शिजायला वेळ न लागणारे पाव आणि गोड चहा यांवर मुलांना वाढवीत होत्या. कापूस आणि सोयाबीन विकून दुकानातून डाळ आणणाऱ्या, आणि मुलाच्या हातात दहा रुपयांचे कुरकुऱ्यांचे पाकीट देणाऱ्या आमच्या गावातील आईला हे काही समजावून सांगावे लागणार नाही.

मथाई यांनी १९७७ मध्ये हरित पट्टा चळवळ सुरू केली. वनखात्याचे लोक आरंभी या अशिक्षित बायकांना रोपे तयार करणे जमणार नाही, त्यासाठी शिक्षण लागते, असे म्हणत होते. मथाई यांनी बायकांना सांगितले की तुम्ही आयुष्यभर बी पेरत आला आहात, तेच इथे करा. बायकांनी जवळच्या रानातून देशी झाडांचे बी गोळा केले आणि फुटक्या मडक्यांत, जुन्या डब्यांत ते रुजवले. यातील एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. बायकांना मिळणारा अल्पसा मोबदला लावलेल्या रोपासाठी नव्हता, जगलेल्या रोपासाठी होता. त्यामुळे रोप लावल्यानंतर ते पाहायला जाणे, त्याला पाणी घालणे, मेले तर त्या जागी दुसरे लावणे हे त्या कामाचा भाग बनले. आपल्याकडे दर पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला त्याच खड्ड्यांत नवी रोपे लागताना आपण पाहतो, आणि मोजणी मात्र खड्ड्यांची होते. त्या चळवळीतून केनियात पाच कोटींहून अधिक झाडे उभी राहिली.

मथाई यांच्या बालपणीची एक आठवण आपल्याकडच्या माणसाला फार जवळची वाटेल. त्यांच्या घराजवळ उंबराच्याच कुळातील एक मोठे झाड होते, आणि त्याच्या काटक्याही सरपणाला आणू नकोस, ते देवाचे झाड आहे, असे त्यांच्या आईने बजावले होते. त्या झाडाजवळ झरा होता. पुढे झाड तोडले गेले आणि झराही आटला. उंबराखाली पाणी असते आणि उंबर तोडू नये, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असते. श्रद्धेच्या रूपाने सांभाळलेले हे ज्ञान शास्त्रज्ञ झालेल्या त्या बाईने हसण्यावारी नेले नाही, उलट झाडाची खोल मुळे आणि भूजल यांचा संबंध त्यातून समजून घेतला.

या सगळ्यातून सत्तेशी झगडा अटळ होता. चळवळीच्या शिबिरांतून मथाई लोकांना आधी आपल्या अडचणींची यादी करायला लावीत आणि मग त्यांतल्या कोणत्या आपण स्वतः निर्माण केल्या आहेत तेही विचारीत. आपण चुकीच्या बसमध्ये बसलो आहोत आणि ती कुठे निघाली आहे हे आपण विचारलेच नाही, अशा शब्दांत त्या हे समजावीत. नैरोबीच्या उहुरू उद्यानात साठ मजल्यांचा मनोरा बांधण्याचा सरकारचा घाट त्यांनी १९८९ पासून पत्रे लिहून, परदेशी गुंतवणूकदारांपर्यंत विषय नेऊन हाणून पाडला, त्या झगड्यात संसदेत त्यांच्या संघटनेची घटस्फोटित बायकांची टोळी म्हणून हेटाळणी झाली. नैरोबीतील करुरा जंगल वाचवताना १९९९ मध्ये त्यांच्या डोक्यावर वार झाले. २००२ मध्ये त्या खासदार झाल्या आणि २००४ मध्ये त्यांना शांततेचा नोबेल पुरस्कार मिळाला, जो त्यापूर्वी कोणत्याही आफ्रिकी स्त्रीला मिळाला नव्हता. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. झाड आणि शांतता यांचा संबंध काय, असे तेव्हा अनेकांनी विचारले होते. पाणंद रस्त्यावरून, धुऱ्यावरून (बांधावरून) आणि विहिरीच्या पाण्यावरून सख्ख्या भावांमध्ये झालेली भांडणे पाहिलेल्या माझ्यासारखीला तो प्रश्न पडत नाही.

पश्चिम आफ्रिकेत सेनेगलच्या कासामान्स भागात मारियामा सोन्को या शेतकरी बाईंनी दुसऱ्या बाजूने काम उभे केले आहे. ‘आम्हीच उत्तर आहोत’ अशा अर्थाचे नाव असलेली ग्रामीण स्त्रियांची ती चळवळ २०११ पासून सेनेगलसह शेजारच्या अनेक देशांत पसरली. झिगिंशोर शहराजवळच्या न्यागिस या गावी तिचे केंद्र आहे. देशी भाताचे आणि भाज्यांचे बियाणे जपणे, त्याची आपसांत देवाणघेवाण करणे आणि रसायनांशिवाय शेती शिकवणे हे तिचे काम आहे. बियाणे हा तिथे परंपरेने स्त्रियांचा प्रांत आहे, आणि तो हातून गेला की पेरणीचा निर्णयही हातून जातो, हे त्या बायकांनी वेळीच ओळखले. आमच्या आज्या कणगीत आणि मडक्यांत राख व कडुलिंबाचा पाला घालून बी ठेवीत, चांगले कणीस आणि चांगले बोंड उभ्या पिकातूनच निवडून ठेवीत. कपाशीच्या संकरित बियाण्याचे पाकीट दर वर्षी विकत आणावे लागू लागले, तेव्हा खर्च वाढला हे सगळ्यांनी पाहिले, पण त्या दिवसापासून बाईला बियाण्याविषयी कुणी काही विचारीनासे झाले, ही गोष्ट कुणाच्या नजरेत भरली नाही.

झिम्बाब्वेच्या एलिझाबेथ म्पोफू यांचे नाव इथे घ्यायला हवे, कारण त्या स्वतः लहान शेतकरी असून २०१३ पासून जगभरातील शेतकरी संघटनांच्या ‘ला व्हिया कँपेसिना’ या महासंघाच्या प्रमुख समन्वयक होत्या. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे कडधान्यांचे वर्ष जाहीर केले, तेव्हा आफ्रिकेसाठी त्यांना विशेष दूत नेमण्यात आले होते. कडधान्याचा विषय मांडण्यासाठी ते पिकवणाऱ्या बाईची निवड व्हावी, ही साधी वाटणारी गोष्ट आपल्याकडे मात्र अजून घडताना दिसत नाही. डाळीच्या आयातीवरच्या आणि हमीभावावरच्या आपल्या चर्चांत तूर निंदणारी, सोंगणारी, झोडपणारी आणि जात्यावर भरडणारी बाई कुठेच नसते.

जमिनीच्या नावाचा प्रश्न शेवटी येतोच. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आफ्रिकेच्या अनेक देशांतील ग्रामीण स्त्रिया टांझानियात किलिमांजारो पर्वताच्या पायथ्याशी जमल्या, जमिनीवरच्या आपल्या हक्कांची सनद त्यांनी तयार केली आणि त्यांच्यातील काही जणी ती मागणी घेऊन शिखरावर चढून गेल्या. आपल्याकडे शेतकरी संघटनेने त्याच्या कितीतरी आधी, १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर, लक्ष्मीमुक्तीचे आंदोलन चालवले होते आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे केला होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क दिला. इतके होऊनही २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहिवाटीच्या खात्यांपैकी स्त्रियांच्या नावे असलेली खाती सुमारे १४ टक्केच आहेत. आमच्या गटातील एक काकू म्हणतात, ‘वावर त्याह्यच्या नावावर हाय, पण वावरातलं काम माह्याच नावावर हाय.’ नवऱ्याने आत्महत्या केल्यानंतर सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव चढवण्यासाठी सासरच्या माणसांच्या आणि कार्यालयांच्या पायऱ्या झिजवणाऱ्या बायका आमच्या तालुक्यात आहेत. नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, पीकविमा नाही, आणि नुकसानभरपाईच्या यादीतही त्या नाहीत. अन्न व कृषी संघटनेच्या त्याच अहवालात म्हटले आहे की स्त्रियांना पुरुषांइतकी साधने मिळाली तर त्यांच्या शेतातील उत्पादन २० ते ३० टक्क्यांनी वाढू शकते. हा केवळ न्यायाचा प्रश्न म्हणून ज्यांना पटत नाही, त्यांनी निदान उत्पादनाचा प्रश्न म्हणून याकडे पाहावे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे शेतकरी स्त्रीचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केले आहे, आणि माझ्या मते आमच्या ग्रामसभांनी ते साजरे करायचे असेल तर सत्कार आणि साडीवाटप यांऐवजी वारसनोंदी आणि फेरफार यांची प्रलंबित प्रकरणे वाचून दाखवावीत.

या वाचनातून आणि बोलण्यातून आमच्या गटांमध्ये काही गोष्टी ठरू लागल्या आहेत. येत्या खरिपात ज्या घरी पटेल त्या घरी एकरामागे काही तास बाईच्या मर्जीने पेरायचे, त्यांवर तणनाशक येऊ द्यायचे नाही आणि त्यांतले पीक विकायचे की घरी ठेवायचे हेही तिनेच ठरवायचे. त्यासाठी बरबटी, अंबाडी, लाल तूर आणि पांढरी तूर, देशी भेंडी यांचे बियाणे ज्यांच्याकडे शिल्लक आहे त्यांच्याकडून गोळा करणे सुरू आहे. काही घरांतून लगेच होकार आला. काही घरांत सासऱ्यांनी विचारले की त्या तासांतला कापूस बुडेल त्याचे काय. तो प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी आम्ही त्या तासांतून निघालेल्या भाजीचा, डाळीचा आणि चाऱ्याचा हिशेब कापसाच्या हिशेबाशेजारी मांडणार आहोत. तो हिशेब आजवर कुणी लिहिलेलाच नाही, कारण ते पीक कधी बाजारात गेले नाही. शेतीशाळा बायकांच्या निंदणाच्या वेळेत न घेता संध्याकाळी घ्यावी, अशी मागणी ग्रामसभेत मांडली गेली आणि मान्यही झाली. स्वयंपाकाच्या दिवसाची कल्पना मी बैठकीत सांगितली, तेव्हा बायका हसल्या, परंतु दोन तरुण मुलांनी वरणफळे करून दाखवण्याची तयारी दर्शवली आहे.

मोकाट जनावरांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. मलावीत मका निघाल्यावर शेळ्या मोकळ्या सुटतात आणि शेतात मागे उभी असलेली तूर खाऊन टाकतात, त्यामुळे एकट्या बाईने आपल्या शेतात तूर लावून भागत नाही, सगळ्या गावाला चराईचा नियम करावा लागतो. आमच्याकडे सोयाबीन निघाल्यावर गुरे सुटतात, आणि कपाशीची शेवटची वेचणी झाली की उरलेल्या तासांवर कुणाचाच पहारा राहत नाही. रोही आणि रानडुकरे तर नियम जाणत नाहीत. कुंपणाचा खर्च एकेकट्या शेतकऱ्याला झेपणारा नाही, म्हणून लागून असलेल्या वावरांचे मिळून एकच कुंपण करता येईल का, आणि त्यासाठी कुणाच्या धुऱ्यावरून तार जाईल, यावर पुढच्या बैठकीत बोलायचे आहे.